कोरफडीचा गर

आये,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. फोनवर माझा आवाज ऐकला की मनवा रडते, म्हणून हे पत्र.

मी बरी आहे. कोल्हापुरात नर्सिंगचा अभ्यास नीट चाललाय, फक्त मेसच्या भाजीत खोबरं नसतं. बाबांचा खोकला कसा आहे?

काल बाळंतिणींच्या वॉर्डात एका नव्या आईला मी सांगितलं, "बाळाला दोन वर्षं अंगावर पाजा." तिने विचारलं, "सिस्टर, तुम्हाला किती लेकरं?" मी म्हटलं, "एकही नाही."

असं का म्हटलं, माझं मलाच कळत नाही. रागावू नकोस.

निघायच्या आठवड्यात तू कडू कोरफड कापून दिलीस. "ह्या छातीक लाव गो, दोन दिसांत सोडतली," म्हणालीस. अकरा महिन्यांच्या मनवाने दोनदा तोंड लावून बघितलं, मग नुसती माझ्याकडे बघत राहिली. तुझी चूक नाही. दूध सुटलं नसतं तर मला येताच आलं नसतं. मग माझी चूक का? तेही ठरत नाही.

दिवाळीला जामसंड्याला येते. सोडवायला काय लावायचं ते तू सांगितलंस. आता ती परत जवळ यावी म्हणून काय लावू, तेही सांग.

तुझीच,
अक्षया