सगळेच पहिले

शुक्रवार, बालीगंज

आज लिहायलाच हवं. आनंद पोटात मावत नाही, आणि यांना सगळं सांगितलं तर "बरं झालं" म्हणून पुन्हा पेपरात डोकं!

खिदिरपूरच्या गोदीत क्रेनवरच्या फोनचा आवाज सारखा तुटायचा. "थांबवा" वेळेवर पोचलं नाही तर खालचा माणूस चिरडला जाईल. सगळे म्हणत, नवी लाइन घ्या. मी आधी नेटवर्कच्या स्विचची, म्हणजे सगळे फोन-कॅमेरे ज्यातून जातात त्या पेटीची, सेटिंग उघडली. गर्दी झाली की कोणाला आधी सोडायचं, हे त्यात ठरवून देता येतं. आमच्याकडे प्रत्येक साहेबाने आपल्याच खात्याला पहिला नंबर लावून घेतलेला! हिशेब पहिला, कॅमेरे पहिले, मोठ्या साहेबांची व्हिडिओ मीटिंगही पहिली. मग पहिलं कोण? कोणीच नाही. हे मलाही इतके दिवस कसं दिसलं नाही?

सगळ्यांचे पहिले नंबर काढून टाकले. पुढे फक्त क्रेनचा आवाज.

मोठे साहेब लगेच दारात. "मॅडम, माझं चित्र अडकतंय."

"अडकू दे. त्याच्याखाली कोणी उभं नाही."

हसले चक्क!

तेवढ्यात फोनवर क्रेनवरून बिमलदा, खणखणीत. "दीदी, तुम्ही चहा भुरकता तेसुद्धा ऐकू येतंय!"

कामाकडे लक्ष द्या म्हणून मी खडसावलं. पण काय तो आवाज! अजून कानात आहे.

निघताना रात्रपाळीच्या मौसुमीच्या हाती दिलं: स्विचच्या कपाटाची किल्ली, त्याचा पासवर्ड, आणि मोठ्या साहेबांच्या सहीचा हुकूम, की क्रेनच्या पुढे कोणालाही, त्यांनाही, घालायचं नाही.