निम्म्या वेगाची होडी

१२ जानेवारी

होडी पुन्हा फुटली. श्रीपतीने कीबोर्ड हलकेच पुढे सारला. ज्या बोटांनी जन्मभर पुलांचे आणि धक्क्यांचे नकाशे रेखले, त्यांना आता बाणाचं बटण वेळेवर दाबता येत नाही. कंपवात! खडकांमधून होडी काढायचा साधा खेळ. निवृत्तीनंतर बाविसाव्या टप्प्यापर्यंत पोचला होता. आता चौथ्यावर अडतो.

"खाडी अरुंद केलीन गो कोणीतरी," म्हणाला. हसला. मला हसता आलं नाही.

१४ जानेवारी

गंधारला पुण्याला फोन केला. बाबांचा खेळ सोपा करता येतो का? "आई, फुकटातली चीट टूल्स असतात. पण तू? कॉपीविरुद्ध भाषणं ठोकणारी?"

म्हटलं, एकट्याचा खेळ आहे. समोर कुणी नाही, मग फसवणूक कुणाची?

पोराने तीन नावं पाठवली. वादात मी हरत नाही — मुलाशीही नाही.

१७ जानेवारी

तीन टूल्स पाहिली. पहिलं उतरवताच अँटिव्हायरसने बोंब मारली, शिवाय सोबत जाहिरातींचं लटांबर. काढून टाकलं.

दुसरं अभ्यासाचं. तीन जीव — हा आकडा संगणकाच्या मेमरीत शोधायचा. ढिगाने सापडतो. मग मुद्दाम एक जीव घालवायचा, दोन शोधायचा. असं गाळत गाळत एकच जागा उरते. तिथला आकडा गोठवला. होडी अमर! श्रीपती लगेच उठला. "बिघडला वाटतं खेळ. बुडतच नाही, तर वल्हवायचं कशाला?"

तिसरं फक्त खेळाचा वेग कमी करतं. खडक तेच, बुडणं तेच, सावरायला वेळ तेवढा जास्त. हे मला न्यायाचं वाटलं. तो आंघोळीला गेल्यावर वेग थोडा उतरवला. खेळाचा आवाज तो बंदच ठेवतो, त्यामुळे मंदावलेलं संगीत कळायचं नाही.

१८ जानेवारी

सातवा टप्पा! जेवताना म्हणाला, "आज आमटीपण सांडली नाही बघ." तो उठल्यावर टेबल पुसलं.

२५ जानेवारी

वेग आता निम्मा.

शाळेत बोलले — परीक्षेतला प्रामाणिकपणा. "फुकटचं यश माणसाला त्याची खरी ताकद कळू देत नाही!" टाळ्या. त्या वाक्यावर मीच अडखळले, मुलांना वाटलं परिणामासाठी थांबले.

घरी हा दारातच उभा. "वक्त्याबाई, आज सतरा. बोटं परत आली माझी."

मी चहा टाकला.

२ फेब्रुवारी

सकाळी त्याला खुर्चीतून उठताच येईना. अंग लाकडासारखं. शेजारच्या विनीतला हाक मारली, दोघांनी मिळून उठवलं.

कंपवाताच्या गोळ्या त्याने बंद केल्यात. आठवडा झाला! "अगो, बोटं सुधारली ना. त्या गोळ्यांनी मळमळतं, उगाच कशाला घेऊ?" मुंबईच्या डॉक्टरांची वेळही परस्पर रद्द केलीन.

त्याने गोळ्या टाकल्या त्या माझ्या निम्म्या वेगाच्या भरवशावर. फसवणूक कुणाची, म्हणून विचारलं होतं ना मी गंधारला?

डॉक्टरांना फोन केला, गोळ्या पुन्हा सुरू. त्याला एवढंच सांगितलं की डॉक्टर रागावले. सत्यावर तासभर बोलू शकते मी, कागदाशिवाय. स्वयंपाकघराच्या ओट्याशी एक वाक्य जुळेना.

३ फेब्रुवारी

आजही सांगितलं नाही. तो विसाव्या टप्प्यावर आहे.

४ फेब्रुवारी

सांगितलं. वेग कमी करायची पट्टी उघडून दाखवली. त्यानेच ती मूळ जागी न्यायला लावली. होडी पहिल्याच खडकावर गेली.

मला वाटलं, आता तो संगणक बंद करेल. त्याने बोट उचलून पट्टीपर्यंत नेलं.

"अजून हळू होतं का गो हे?"