तब्येत, हवा, जनावर

१२ मे २०१९, रविवार. अमरावती

अकोला पुन्हा पुढे! हलीमाबीने पहाटे सेहरीच्या वेळीच ग्रुपवर तिथला कालचा पारा टाकला, सेहेचाळीस. सोबत तिचा आवाज — "गोदाताई, तुमच्याकडं पडते त्याले ऊन नाही म्हनत, उजेड म्हनते!" कौशल्या भातकुलीहून लिहिते, खिशात कांदा ठेवा. तिच्याकडे सगळ्या दुखण्यांवर कांदाच.

आमच्या ग्रुपला आज वर्ष झालं. एका भल्यामोठ्या ग्रुपवर मी माझ्या मांजराच्या, बुंदीच्या, पिसवांवर औषध विचारलं होतं, हलीमाबीने शेळीच्या जंतांवर. तिथल्या गलक्याला कंटाळून आम्ही चौघं बाजूला झालो. चौथे महादेवराव, दर्यापूरकडचे. अजून कोणी कोणाचं तोंड प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. नियम महादेवरावांनी घालून दिला. सकाळी आठच्या आत हजेरी लावायची. तब्येत, हवा, जनावर. बस्स. रडगाणं नाही. हजेरी आली नाही तर बाकीच्यांनी फोन करायचा. एकट्या माणसाला एवढंही पुष्कळ असतं.

माझी आजची हजेरी: तब्येत ठणठणीत. हवा चव्वेचाळीस. बुंदी टाकीच्या सावलीत.

खरी शुगर दोनशेच्या वर होती. पण आकडा लिहिला की कौशल्या कारल्याच्या रसाच्या मागे लागते.

१४ मे

आज मीही इरेला पेटले. निरोपसमारंभाला मुलींनी दिलेला शाळेचा तापमापक काढला आणि भर दुपारी गच्चीवर फरशीवरच ठेवला. तीस वर्षं भूगोल शिकवताना घसा फोडून सांगितलं, तापमान सावलीत मोजतात! पण अकोल्याला हरवायचं म्हटल्यावर कसली सावली?

बावन्न! फोटो टाकला. हलीमाबीचं लगेच उत्तर — "फोटोत चप्पल दिसून राह्यली. चप्पल घालून उभ्या अन् बावन्न म्हनता? झूट! उघड्या पायानं उभं राहून दाखवा."

मग काय, काढली चप्पल. पाय फरशीवर, शेजारी तापमापक, नीट फोटो येईपर्यंत तशीच उभी राहिले. पाय अजिबात पोळला नाही. उगाच बाऊ करतात लोक उन्हाचा. हलीमाबी गप्प! अमरावती जिंकली!

१५ मे

डाव्या तळव्याला हा एवढा फोड. बोटांखालीही. काल पोळलं कसं नाही?

मला माहीत आहे कसं नाही. आईलाही असंच काही कळायचं नाही.

१६ मे

फोड फुटला. हळद-तूप लावलं. मोजा घातला.

हजेरी: तब्येत ठणठणीत.

महादेवरावांनी ढवळ्याचा फोटो टाकला. काय देखणा बैल! शिंगांवर लाल-हिरवा रंग, वर बेगड. खुरांना ओला चिखल, म्हणजे पाणी दाखवलेलं दिसतंय. त्यांच्या भागात विहिरीचं पाणी इतकं खारट की जनावर तोंड लावत नाही, वरून दोन वर्षं पाऊस नाही, बोंडअळीने कापूस खाल्ला. तरी माणसाची हौस बघा. मी बदाम पाठवला. लाल, मोठा.

१९ मे

श्रेयसचा पुण्याहून फोन. रविवारचा असतो. "आई, बरी आहेस ना?" — बरी आहे. "शुगर?" — ठीक आहे.

त्याचे बाबा गेले तेव्हाच त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलंय, एकदा जरी दवाखाना लागला तरी पुण्याला यायचं. कायमचं. अकराव्या मजल्यावर. सुनेला, जुईलीला, मांजराच्या केसांनी शिंका येतात. ती वाईट नाही, शिंकांना ती तरी काय करणार? पण बुंदी मग कुठे जाणार? आणि मी तरी तिथे काय करणार? खाली बघून गाड्या मोजत बसू?

तेव्हा पायाचं कोणाला सांगायचं नाही. दुखत तर नाहीच आहे. बरं होईल.

२१ मे

महादेवराव: हवा कोरडी, ढवळ्या मजेत. तोच दिमाख. मी बदाम.

२३ मे

दुखत नाही. पण करंगळीचा आणि शेजारच्या बोटाचा रंग मला आवडत नाही. जांभळट आहे.

आईचा पाय गुडघ्याखालून काढला होता. त्यानंतर ती स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून भाजी निवडायची आणि कोणी 'कसं आहे?' विचारलं की म्हणायची, मजेत. मी तेव्हा चिडायचे, खोटं का बोलतेस म्हणून.

मला भीती वाटते. इथे लिहिलं, बाहेर नाही लिहिणार.

२५ मे

बुंदी हल्ली टाकीवर जात नाही. रात्रंदिवस माझ्या पायापाशीच. मोजा हुंगते, चाटायला बघते, हाकललं तरी परत येते. तीन वर्षांत असं कधी केलं नव्हतं. मांजर मतलबी म्हणतात! मला भरूनच आलं. तिचा पायाशी झोपलेला फोटो टाकला, 'बघा, किती माया!'

कौशल्याने बदामांची रांग लावली. महादेवराव: 'मुकं जनावरच खरं.' हलीमाबीचं काहीच नाही. रोज्याने थकली असेल, या उन्हात पाण्याचा थेंब नाही दिवसभर.

२७ मे

फोटो टाकला, आजही पायाशीच. पुन्हा बदाम.

थोडा ताप आहे. उन्हाचा असेल.

संध्याकाळी हलीमाबीचा फोन आला. फोनवर आम्ही क्वचितच बोलतो. सलाम नाही, कसं काय नाही, एकदम विचारलं — "मांजर पायापाशीच काहून बसून राह्यली?"

मी म्हटलं, माया.

"मायाबिया नाही, ताई. आमच्या मालकाच्या, जैनुद्दीनमियांच्या पायाले शेळी अशीच हुंगत होती. आमी बी हसत होतो, म्हनलं लाड करून राह्यली. पट्टी काढली तवा समजलं, जनावराले वास येते. आपल्या नाकाले उशिरा येते. तुमच्या पायाले काय झालं?"

काही नाही म्हटलं.

"मले पायाचा फोटो पाठवा."

कॅमेरा बिघडलाय म्हटलं. सकाळी त्याच कॅमेऱ्यातून मांजराचा फोटो पाठवलेली मी! तिने फोन ठेवला. रागावली असेल तर रागावू दे.

पण मग मी मोजा काढून नाकाशी नेला.

२८ मे

दार वाजलं. पडदानशीन, ठेंगणी बाई, हातात कापडी पिशवी, मागे उंच मुलगा. "मी हलीमा. हा मोहसीन, माझा पोरगा. पाय दाखवा."

सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरले, तिथून ऑटो. पत्ता कुठून मिळाला? दिवाळीला तिला चकलीचा डबा पाठवला होता, त्यावरचा माझाच पत्ता. मी दारातच उभी. घरात या म्हणायचंही सुचलं नाही. ती वाकली आणि स्वतःच मोजा सोडवला. मोहसीनला एवढंच म्हणाली, "ऑटो जाऊ नको देऊ."

दवाखान्यात डॉक्टर ओरडले. ओरडू देत. बाहेर बाकावर ती माझ्याशेजारी दुपारभर बसली. पंखा गरम हवा टाकत होता. मी पाणी प्यायले आणि मग लक्षात आलं, हिने पहाटेपासून काही घेतलेलं नाही, ओठांची सालं निघालीत. मला रडू आलं. तिला वाटलं पायासाठी.

"रडू नका. आमच्याकडं लई उशीर झाला होता. तुमचं मांजर हुशार हाय."

१ जून

काल कापलं. करंगळी आणि शेजारचं बोट. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर उशीर झाला असता तर नसता राहिला.

श्रेयस आलाय. माझ्याशी बोलत नाही. डोळे सुजलेत.

२ जून

श्रेयस बोलला. "शब्द दिला होतास." दिला होता. डॉक्टरांनी दीड महिना रोज ड्रेसिंग सांगितलंय, लांबचा प्रवास नको. त्याला सुट्टी शुक्रवारपर्यंतच. म्हणाला, इथे बाई ठेवतो, मग येऊन नेतो. बुंदीचं काय, मी विचारलं. तो मोबाइलवर गाडीच्या वेळा बघायला लागला.

हलीमाबी डबा घेऊन आली होती, रोज येते, सकाळच्या गाडीने येते आणि इफ्तारच्या आत घरी पोचते. ऐकत होती. म्हणाली, "माझ्याकडं चला. दुकानाच्या मागं खालची खोली हाय, पायरी नाही. ड्रेसिंगवाला आमच्या गल्लीतच राह्यते. मांजर बी आना."

श्रेयस नम्रपणे म्हणाला, "मावशी, तुमचे उपकार आहेत. पण ओळख ना पाळख, असं कसं पाठवणार?"

"ओळख? तुझ्या आईची तब्येत मले रोज सकाळी आठच्या आत मालूम राह्यते. तुले राह्यते?"

त्याने मान खाली घातली. मी पण घातली. रोज सकाळी मी तिलाही खोटंच लिहीत होते ना.

५ जून. ईद

परवा दवाखान्यातून घरी सोडलं. आज मोहसीन शीरखुर्मा घेऊन आला. मला चालत नाही, श्रेयसने दोन वाट्या खाल्ल्या. दोघं गॅलरीत उभे राहून गाडीच्या मायलेजबद्दल बोलत होते. कौशल्याने ग्रुपवर चंद्राचा फोटो आणि 'अशक्तपणावर कांद्याचा रस' पाठवला. टाके दुखेपर्यंत हसले. दुखलं! चक्क दुखलं!

८ जून. अकोला

श्रेयस काल मला इथे सोडून रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला. जाताना हलीमाबीच्या पाया पडला, ती संकोचली. मला म्हणाला, "पाय बरा झाला की मग बघू." पुणं म्हणाला नाही.

खोली लहान, स्वच्छ. समोर बांगड्यांचं दुकान, दिवसभर काचेचा किणकिणाट. बुंदी पहिले काही तास पलंगाखाली, आता गुलाबो नावाच्या शेळीवर गुरगुरते. शेळी लक्षच देत नाही.

स्वयंपाकघरात कोपऱ्यात नवं कोरं पातेलं, कढई, डाव. त्यावर अजून दुकानाची चिठ्ठी. "तुमचं येगळं ठेवलं. इथं गोश्त शिजते, तुमाले कसं तरी होईल." मी काही म्हटलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. लाज वाटली. आमच्या घरात तिच्यासाठी मी असं काही आणलं असतं का? एक पेला तरी? चार दिवस ती माझ्या घरी येत-जात होती, तिला नमाजाला कुठली खोली देऊ हेसुद्धा मला सुचलं नव्हतं.

१२ जून

इतके दिवस माझ्या नावाने हलीमाबीच हजेरी लावायची, 'गोदाताई माझ्याजवळ हाय, ठीक हाय.' बोटांचं तिने कोणाला सांगितलं नाही. "ते तुमचं हाय. तुमालेच सांगा लागंन."

आज लिहिलं. तीन वेळा खोडलं, मग पाठवलं.

तब्येत: डाव्या पायाची दोन बोटं कापली. शुगर वर्षभर वाढलेली होती, मी तुम्हाला रोज खोटं लिहीत होते. गच्चीवर पाय पोळला तोही मला कळला नव्हता. भीती वाटत होती, आता कमी वाटते.
हवा: अकोला. हरले.
जनावर: बुंदी माझ्याजवळ. आता पायाशी बसत नाही, खिडकीत बसते.

कौशल्याने प्रथमच कांदा लिहिला नाही. फोन केला आणि नुसती रडली. मग म्हणाली, तिलाही डाव्या डोळ्याने दिसत नाही, दिवाळीपासून.

महादेवरावांनी वाचलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१३ जून

आठ वाजून गेले तरी महादेवरावांची हजेरी नाही. नियमाप्रमाणे मी फोन लावला. उचलला नाही. हलीमाबीने लावला, उचलला नाही. मोहसीन म्हणाला, दर्यापूरची जीप पकडू का? तो चप्पल घालत होता तेवढ्यात हजेरी आली.

'तब्येत — धडधड होते, गोळी चालू हाय, सांगितलं नव्हतं. हवा — कोरडी. जनावर — नाही. ढवळ्याले होळीच्या आधीच विकलं. चारा नव्हता. फोटो सगळे मागच्या पोळ्याचे.'

शिंगांवरचा तो लाल-हिरवा रंग. मे महिन्यात. मी रोज पाहत होते आणि रोज बदाम पाठवत होते.