पुन्हा तपासलेले कागद

कोपरी, ठाणे (पूर्व)
१४ जून २०२५

चि. दीप्तीस,
सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

मेसेजांचा पहिला गठ्ठा तपासून कुरियरने पाठवतेय. या मेसेजांबद्दल फोनवर बोलायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून पत्र. इंटरनेटवर माणसं हळूहळू कडवी कशी होतात, यावर पीएच.डी. करणारी आपल्या घरात तूच पहिली. आणि त्यासाठी असली घाण छापून सख्ख्या आत्याला वाचायला देणारीही तूच! तीस वर्षं दहावीचे पेपर तपासले, इतके वाईट कधी नव्हते.

सांगितलंस तसे गुण दिलेत. निरुपद्रवीला शून्य, टिंगलीला एक, द्वेषाला दोन, चिथावणीला तीन. ‘जयभीमवाल्यांना सोसायटीत घर देऊ नका, राहत असतील तर सामान रस्त्यावर फेका’, याला तीन दिले आणि उठून दोनदा हात धुतले.

जेवणाची वेळ पाळ. सुमितला म्हणावं, बहिणीकडे लक्ष दे.
तुझी,
उत्तराआत्या

आंबिवली
३० ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

सोड्याची चटणी पोचली. निम्मी सुमितने संपवली, उरलेली मी लपवलीय.

आता रागावू नकोस. एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. प्रत्येक वाचकाच्या नव्या गठ्ठ्यात आम्ही थोडे जुने मेसेज पुन्हा घालतो, गुण तेच येतात का बघायला. तुझे हलले. सामान फेकायच्या त्या मेसेजला जूनमध्ये तीन दिलेस, ऑक्टोबरमध्ये एक. दोन्ही कागदांच्या प्रती सोबत आहेत.

गुणांचं मी बघून घेईन. मला काळजी तुझी वाटते. गेल्या महिन्यात सुमितला बाळकुमला आडनाव विचारून घर नाकारलं, तेव्हा तू फोनवर म्हणालीस, असतंच असं, दुसरं बघा. वर्गात सरांनी माझी जात मोठ्याने वाचली म्हणून मुख्याध्यापकांच्या दारात दोन तास उभी राहिलेली माझी आत्या असं म्हणते? हे वाचन मीच तुझ्या घरात आणलं. नको असेल तर सोड.

माझ्यावरचा लोभ मात्र कमी करू नकोस.
तुझी,
दीप्ती

कोपरी
५ नोव्हेंबर २०२५

चि. दीप्तीस,
सप्रेम जयभीम.

आधी तुझा भयंकर राग आला. माझा एक पेपर मॉडरेटरने कधी परत पाठवला नाही आणि ही काल जन्मलेली पोर मला तपासते! मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. अक्षर माझंच होतं. एक देताना मी चहा पीत होते, हेही आठवलं. कप खालीसुद्धा ठेवला नव्हता.

दीप्ती, लहानपणी असलं ऐकून न ऐकल्यासारखं करायची आम्हाला सवय होती. ती मोडायला माझं अर्धं आयुष्य गेलं आणि तुझ्या सहाशे कागदांत ती परत लागली. मला फार वाईट वाटलं.

काल सुमितला घेऊन बाळकुमला गेले. सेक्रेटरीला म्हटलं, घर का नाही ते लिहून द्या. त्याने लिहून दिलं नाही, चहा मागवला. मी घेतला नाही. आता वकिलाकडून पत्र जाईल.

मी चार महिने वाचलं तर माझं हे झालं. तू तीन वर्षं रोज वाचतेस. तुझे गुण कोण तपासतं गं?
काळजीत,
उत्तराआत्या

आंबिवली
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

कोणीच तपासत नव्हतं. तुझं पत्र मी गाइड मॅडमना दाखवलं. त्यांनी माझ्या पहिल्या वर्षाचे मेसेज काढून, गुणांशिवाय पुन्हा छापून माझ्यापुढे ठेवले. मी भराभर गुण दिले. मग जुने कागद शेजारी ठेवले.

त्यात तोच सामान फेकायचा मेसेज होता, आत्या. पहिल्या वर्षी तीन दिले होते आणि खाली चार ओळी खरडल्या होत्या, रागाने कागद फाटलाय. आता शून्य. समासात एकच शब्द लिहिलाय, ‘नेहमीचंच’. लिहिताना मला काहीही वाटलं नव्हतं. आता भीती वाटतेय.

मॅडमनी काम महिनाभर थांबवलंय. शनिवारी तुझ्याकडे येते, राहायलाच. तो कागद घेऊन येईन. मला समोर बसव आणि मोठ्याने वाचून दाखव. मला राग येईपर्यंत थांबू नकोस.

तुझ्या मायेची,
दीप्ती