घरात माणूस आहे

प्रिय डोर्थे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. ओडेन्सला कारिनकडे सुखरूप असशील. तुझ्या बहिणीच्या मागच्या दाराला अजून तीच नाजूक कडी असेल, तर तिला सांग, साध्या पहारीपुढेही तिचा निभाव लागायचा नाही. असो. सवय जात नाही.

इथे बर्फ पडलंय. घराला काही झालेलं नाही. खिडक्यांच्या बिजागऱ्या मी पुन्हा तपासल्या. दिवे आपोआप लागतात, आधी स्वयंपाकघरात, मग बैठकीत, शेवटी वर तुझ्या शिवणाच्या खोलीत. आणि रोज थोडे मागेपुढे, कारण माणूस काही घड्याळासारखा वागत नाही. टायमर विकणाऱ्यांना एवढंही कळत नाही. मला हे कुणी शिकवलं नाही. जेवणाच्या टेबलावर जुनी कुलपं खोलून खोलून शिकलो, आणि तू ताटं हातात घेऊन उभी असायचीस. एकदा म्हणालीस, "फ्लेमिंग, या घरात शिरायला चोराला जेवढा त्रास होईल ना, तेवढा मला रोज होतो." मी हसलो होतो. मला ती शाबासकी वाटली होती.

आपल्याला सुट्टीत स्पेनला जायचं होतं, म्हणून शेजारी वेर्नरला मीच सगळं समजावून ठेवलं होतं. आपल्या अंगणात त्याची गाडी लावायची, बर्फात पावलं उमटवायची, आपल्या डब्यात थोडा त्यांचा कचरा टाकायचा, म्हणजे घर नांदतं दिसतं. आपल्या गल्लीत सगळेच एकमेकांसाठी हे करतात, पण माझ्याइतकं बारकाईनं कुणी सांगत नाही. निघायच्या दिवशी सकाळी तू एकटीच टॅक्सीत बसलीस. वेर्नरनं त्याच्या खिडकीतून हात केला. मीही टॅक्सीत आहे, असं त्याला वाटलं. दुपारपर्यंत त्याची गाडी आपल्या गॅरेजसमोर उभी होती, आणि माझी आत अडकली. त्याला उद्या सांगू, असं मी मनाशी म्हटलं. मग ते राहिलंच. राय धान्याचा काळा पाव संपलाय. डबाबंद खारवलेले मासे आहेत अजून.

बर्फ पडलं की वेर्नर नेमानं येतो. मोठाले बूट घालून फाटकापासून दारापर्यंत चालतो आणि तिथूनच मागे फिरतो. ही चूक आहे. पायरीवर बर्फ झटकल्याची खूण नको का? मुरलेल्या चोराला एका नजरेत कळेल की पावलं दारापर्यंत आली, आत कुणी गेलंच नाही. काचेवर टकटक करून त्याला सांगावंसं वाटलं.

काल त्याची बायको इंगं त्याच्यासोबत कचऱ्याची पिशवी घेऊन आली आणि बैठकीच्या खिडकीपाशी थबकली. मी दिव्याखाली माझ्या खुर्चीत होतो, मध्ये फक्त तो पातळ पडदा. "अरे वेर्नर, बघ ना, अगदी कुणी बसलंय असंच वाटतं."

"पुतळा करून बसवला असेल गं. फ्लेमिंग तो. आत्ता तिकडे समुद्राला कुलूप लावत असेल."

"डोर्थेला तरी जरा मोकळी हवा मिळू दे," इंगं म्हणाली.

दोघं हसली. हसण्यात वाकडेपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी हललो नाही, डोर्थे. ती दोघं गेल्यावरही किती तरी वेळ हललो नाही.

रविवारी आपण परत येणार, असं त्यांनी धरलंय. इंगं ताजे पाव भाजून दाराशी ठेवणार, आणि वेर्नर आपल्या अंगणातल्या काठीवर झेंडा चढवणार, दोघांच्या स्वागताला. मी दार उघडलं तर तो आधी माझ्या मागे बघेल, तू कुठे आहेस म्हणून. एवढी कुलपं लावली, पण त्या नजरेला अडवेल असं माझ्याकडे काही नाही. तू परत ये, असं म्हणायला हे पत्र नाही. ते म्हणायची वेळ मी घालवली, हे कळतं मला. फक्त रविवारच्या आत वेर्नरला एक फोन कर. घरात माणूस आहे, एवढंच सांग. आणि झेंडा चढवू नकोस म्हणावं.

अजूनही तुझाच,
फ्लेमिंग