पत्नी आजारी असल्यामुळे

बाबा, माझ्या अंगाला वास येत होता, तेथून सुरुवात करतो. विज्ञानाचा शिक्षक असल्याने आधी निरीक्षण मांडावे, मग कारण सांगावे, ही सवय मला जडली आहे. तर निरीक्षण असे, की गेल्या दिवाळीनंतर मी चार-चार दिवस अंघोळ करत नव्हतो, दात घासत नव्हतो. शाळेतून आलो की त्याच बनियनवर पलंगावर पडायचो आणि उशीच्या अभ्र्यावरचा तेलाचा पिवळा डाग रोज थोडा पसरायचा. त्याच महिन्यात मी नववीच्या मुलांना मानसिक आरोग्यावर शिकवले. काय देखणा तास झाला तो! फळ्यावर मेंदू काढला, एका पेशीकडून दुसरीकडे निरोप कसा जातो ते रंगीत खडूंनी दाखवले, मधुमेहाला जशी गोळी लागते तशी या आजारालाही लागू शकते, त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे सोदाहरण पटवून दिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडाची घाण त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी पहिल्या बाकापासून लांब उभा होतो.

गंगाखेडात कोणी पाहील, या भीतीने मी एसटीने परभणीच्या मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागलो. घरी सांगायचो, शाळेचे काम आहे. दुसऱ्याच खेपेला दवाखान्याच्या बाकावर राणीसावरगावचे एक पालक भेटले, आपल्या भावाला घेऊन आलेले.

"सर? तुमी इथं कसं काय?"

"बायकोची फाईल दाखवायला आलोय," मी म्हणालो.

"अरारा. बाईंना लय त्रास हाय का?"

"झोप नाही. कारण नसताना रडू येते. अंघोळसुद्धा नको वाटते."

माझीच लक्षणे मी एकेक करून तिच्या नावावर घातली, क्रमाने, त्यांना नीट समजतील अशी.

"तुमच्यासारखा मालक हाय म्हणून निभायलंय सर. दुसऱ्यानं माहेरी नेऊन घातलं असतं."

बाबा, ते ऐकून मला बरे वाटले. खोटे बोलणे भीतीपोटी घडले, हे मी समजावून सांगू शकतो. पण त्या कौतुकाने ऊर भरून आला, याचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

त्या गृहस्थांची बहीण आमच्याच गल्लीत राहते. पुढच्या पौर्णिमेला विहारात खीर करायला तुमची सून नेहमीप्रमाणे गेली. इतकी वर्षे मोठ्या पातेल्यातला डाव तिच्याच हातात असतो. त्या दिवशी बायकांनी तो काढून घेतला. "ताई, तुमी नुसतं बसा. जाळाचं काम हाय, चक्कर-बिक्कर आली तर?" ती घरी आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "मी काय येडी झाले का हो? सगळ्याजणी माझ्याकडं तसंच बघायल्यात." आणि मी, पलंगावर पडल्या पडल्या, समाज आजाराविषयी पूर्वग्रह कसे बाळगतो हे तिला शांतपणे समजावून दिले. तिच्यासमोर इतक्या मुद्देसूदपणे बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडावर थुंकावेसे वाटते.

हे मी कोठे शिकलो, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी सहावीत असेन. तुम्ही न्हाणीत पाटावर बसलेले असता, बादलीतले पाणी केव्हाच निवलेले असते, तांब्या हातात तसाच असतो. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, ठणठणीत. माझे अक्षर चांगले म्हणून कचेरीत द्यायचा रजेचा अर्ज तुम्ही मला सांगता आणि मी लिहितो: पत्नी आजारी असल्यामुळे. मी विचारले, "पण आई तर बरी आहे?" तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर ओरडलात. "आपल्यातला एक माणूस आत्ता कुठं टेबलाला बसलाय. त्याचं डोकं फिरलं म्हणायला लोकांना जागा द्यायची का?" आईने मान वर केली नाही. असे किती अर्ज लिहिले, आठवत नाही. तुमचे भय मला समजते, कारण तुमच्यावर डोळे रोखलेले होतेच. पण त्याची झळ आई सोसेल का, हे तुम्ही तिला एकदाही विचारले नाही. मला तुमची दया येते, बाबा, आणि किळसही येते.

परवा मी तुमच्या सुनेला सगळे सांगितले. भाजी निवडता निवडता तिने एकदाच माझ्याकडे पाहिले.

"गोळ्यांच्या चिठ्ठीवर तुमचं नाव हाय की. मला कवाच कळलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बघायलते, तुमी कवा सांगताय ते." मेथीच्या काड्या तिने बाजूला सारल्या. "आन् मला सांगून काय उपयोग? पौर्णिमेला तिथं सांगा. त्या बायांसमोर."

मी हो म्हणालो. औषध नियमित घेतो आहे, झोप लागते, अंघोळ रोज होते. डॉक्टर बाईंनी रोजची झोप-अंघोळ लिहायला दिलेल्या वहीत आता खऱ्या नोंदी करतो. हे सारे कसे घडत गेले याची कारणमीमांसा मी उत्तम करू शकतो, तशी ती आताही केलीच.

आज पौर्णिमा आहे. ती सकाळीच विहारात गेली, एकटी. मी तिला म्हणालो, तू हो पुढे, माझे डोके दुखते आहे. हे पत्र मी त्यानंतर लिहायला घेतले. तुम्ही गेलात, पाठवायला पत्ता नाही, आणि मला उलट विचारणारे कोणी नाही, म्हणूनच ते इतके सरळ लिहिता आले.

डोके दुखत नव्हते.