विभूती लावलेली कॅसेट

दिंद्रुड, ५ ऑक्टोबर २०२५

चि. संगमेश यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून कागदावरच लिहिते. तुझ्या बारशाची कॅसेट शेजारच्या परमेश्वरच्या जीपनं बीडला पाठवलीय. माझ्या पाठवणीला अप्पांनी ती ओटीत घातली हुती. व्हिडिओ प्लेअर बिघडल्यापासून कुणी बघितली न्हाई, पण मी ती देव्हाऱ्यात ठेवली अन् दर खंडेनवमीला दुकानातल्या तराजूसंगं पुजली.

आई गेली तवा तू आठ म्हैन्यांचा. तिचा आवाज ह्या एकाच कॅसेटीत हाय. ती कॉम्प्युटरात घ्यायला तू कसला तरी स्वस्तातला डबा मागवलास म्हणं. बाबा रे, स्वस्त बघून कायबी आणायला आईची कॅसेट म्हंजे पिठाची चाळण न्हाई. फीत तुटली तर मला तोंड दाखवू नको.

रागावले तरी माया कमी समजू नको.
तुझी अक्का, महानंदा

बीड, ९ ऑक्टोबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

कॅसेट पोचली, शिव्याबी पोचल्या. तो डबा चित्र नुसतं कॉम्प्युटरात उतरवतो. कॅसेट फिरवायला प्लेअर लागतोच. दोन जुने बघितले. एक चकचकीत, पण दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट घालून बघितली तर त्यानं फीत चावली. दुसरा दिसायला भंगार, पण थरथरतं चित्र सावरून धरतो. तोच घेतला.

लावण्याआधी बंकटमामांना दाखवलं. माजलगावात ते पूर्वी व्हिडिओ पार्लर चालवायचे. त्यांनी कॅसेटचं झापड उचललं अन् मला आत बघायला लावलं. अक्का, आत तुझी इतक्या वर्षांची विभूती! ती मशिनीत गेली तर फीत घासून चित्र जाईल, म्हणाले. कॅसेट उघडून, फीत कोरड्या मऊ कापडानं हळूहळू पुसून नव्या खोक्यात बसवावी लागेल. पण देवाजवळची वस्तू. तुझ्या हुकमाबिगर स्क्रूला हात लावणार न्हाई.

घरच्यांस नमस्कार, मला नेहमीसारखं दटावत राहावं.
तुझा संगमेश

दिंद्रुड, ११ ऑक्टोबर

चि. संगमेशास आशीर्वाद.

भलं व्हावं म्हणून लावली, अन् मीच आईला पुसायला निघाले हुते. उघड बाबा. पण पुसलेली विभूती फेकू नको, पुडीत बांध. तिचा आवाज कसा हुता ते मलाबी आठवंना झालंय. हे आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

काय होईल ते लगेच कळव.
अक्का

बीड, १८ ऑक्टोबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

फीत वाचली. पुसायला मामांना दोन दिवस लागले. तोवर मला जेवण गोड लागलं न्हाई.

आई चित्रात फारशी न्हाईच गं. पाहुणे, पाळणा, अप्पांचा फेटा, अन् तिचा नुसता पदर. मधेच चित्राबाहेरून तू बोललीस. मी मामांना म्हणालो, ही अक्का. तेवढ्यात परकर-पोलक्यातली चौदा वर्षांची तू पाळण्यापाशी आलीस. तुझं तोंड मिटलेलं, अन् आवाज चालूच. "महानंदे, धर गं ह्याला. तुझ्याच हाताला गप ऱ्हातंय."

ती आई बोलत हुती, अक्का. तीच धार, तोच शेवटचा हेल. पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. मामा डोळे पुसत बाहेर जाऊन बसले.

भाऊबिजेला पेन ड्राइव्ह अन् पुडी घेऊन येतो. आईचा आवाज ऐकला न्हाई म्हणून मी जन्मभर रडलो. अक्का, त्याच आवाजानं तू मला रोज जेवायला हाक मारायचीस.

तुझाच,
संगमेश